फुगाझीचा ‘फर्स्ट डेमो’ : तळघरातल्या दोन दिवसांची अकरा गाणी

फुगाझी या अमेरिकी रॉक बँडचा ‘फर्स्ट डेमो’ हा अल्बम डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स या लेबलने नोव्हेंबर २०१४मध्ये प्रसिद्ध केला. पण त्यावरची अकराच्या अकरा गाणी जानेवारी १९८८च्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित झालेली आहेत. तेव्हा या बँडचे लोकांसमोर जेमतेम दहा कार्यक्रम झाले होते, नावावर एकही रेकॉर्ड नव्हती, आणि वॉशिंग्टन शहर व त्याच्या आसपासच्या वस्त्या सोडल्या तर हे नाव फारसे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपले संगीत फितीवर कसे ऐकू येते ते एकदा पाहावे, एवढ्याच हेतूने (अशा चाचणीच्या ध्वनिमुद्रणाला डेमो म्हणतात) हे चौघे वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टनमधल्या एका राहत्या घराच्या तळघरात असलेल्या इनर इअर स्टुडिओत गेले, दोनेक दिवसांत त्यांनी सगळी गाणी वाजवून आणि मिक्स करून घेतली, आणि ते कॅसेट घेऊन बाहेर पडले. ती कॅसेट पुढे सव्वीस वर्षे हातोहात फिरत राहिली. आता ती अधिकृतपणे आणि पूर्ण स्वरूपात मिळते, याचे मला मनापासून समाधान आहे. ही केवळ संग्राहकांनी कपाटात ठेवण्याची वस्तू आहे असे मी मानत नाही. जो कोणी नव्याने बँड उभा करतो आहे, त्याने विकत घ्यायच्या पहिल्या चार-दोन अल्बमांत याची गणना व्हायला हवी.

असे वाटण्याला एक तात्कालिक कारणही आहे. पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमागे एक खोली आहे, जिथे पूर्वी पाण्याचा पंप होता. गेले सात-आठ महिने तिथे कॉलेजातली चार मुले तालीम करतात. एक गिटार वाजवतो, एक बास, एक ड्रम्स, आणि चौथी मुलगी कोणतेही वाद्य न घेता फक्त गाते. रहिवाशांनी त्यांना संध्याकाळी सहा ते आठ अशी वेळ ठरवून दिली आहे आणि ती मुले ती काटेकोरपणे पाळतात. त्यांची पाच-सहा गाणी चांगली बसली आहेत, तरी ध्वनिमुद्रणाचा विषय निघाला की दुसरा गिटारवादक मिळाल्यावर करू, चांगल्या स्टुडिओपुरते पैसे साठल्यावर करू, असे त्यांचे चालले होते. त्यांना उपदेश करण्यापेक्षा हा अल्बम ऐकायला द्यावा असे मी ठरवले, आणि देण्यापूर्वी तो पुन्हा एकदा, या खेपेस कागद-पेन घेऊन, ऐकला. हे परीक्षण त्या ऐकण्यातून तयार झाले आहे.

शीर्षकातल्या ‘फर्स्ट’ या शब्दाने एक गैरसमज होऊ शकतो, तो आधी दूर करायला हवा. फुगाझीचे सदस्य १९८८ साली नवशिके नव्हते. इयन मकाय याने त्याआधी टीन आयडल्स, मायनर थ्रेट आणि एम्ब्रेस या बँडमधून काम केले होते, आणि १९८०पासून चालू असलेल्या डिस्कॉर्ड या लेबलच्या संस्थापकांपैकी तो एक होता. ब्रेंडन कँटी आणि गी पिचोटो हे दोघे राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडमधून आलेले होते, आणि त्या बँडचा अल्बमही १९८५ साली याच तळघरात, मकायच्याच देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झाला होता. जो लाली हा त्या मानाने नवखा. तो बीफईटर या स्थानिक बँडच्या दौऱ्यांत सामान उचलण्या-लावण्याचे काम करत असे. मकायने मायनर थ्रेटमध्ये केवळ गायन केले होते, येथे तो गिटार वाजवत गाऊ लागला. कँटीदेखील या बँडचा पहिला ड्रमवादक नव्हे, सुरुवातीच्या तालमी कॉलिन सीअर्सबरोबर झाल्या होत्या. ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये बँडचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा मंचावर मकाय, लाली आणि कँटी हे तिघेच होते. पिचोटो त्यानंतर हळूहळू सामील होत गेला. म्हणजे माणसे जाणती होती, पण चूल नव्याने मांडलेली होती, आणि कोणी कोठे बसायचे हे अजून ठरायचे होते. या ध्वनिमुद्रणात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच न ठरलेपण.

आता त्या तळघराविषयी. आपल्याकडे तळघर म्हटले की जुन्या वाड्यातला, धान्य वा चीजवस्तू दडवून ठेवण्याचा अंधार डोळ्यांसमोर येतो. अमेरिकी उपनगरांतल्या घरांत तळघर हा रोजच्या वापराचा भाग असतो. तिथे पाणी तापवण्याचे यंत्र असते, कपडे धुण्याचे यंत्र असते, जुने सोफे असतात, आणि भोवती माती असल्यामुळे ड्रम्सचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत कमी पोहोचतो. डॉन झिएन्तारा यांनी आपल्या घराच्या अशाच तळघरात इनर इअर उभा केला. डिस्कॉर्डची पहिलीवहिली रेकॉर्ड, म्हणजे १९८० साली निघालेली टीन आयडल्सची छोटी रेकॉर्ड, येथेच झाली, आणि मायनर थ्रेटची ध्वनिमुद्रणेही येथलीच. सुरुवातीच्या त्या काळात तिथे चार ट्रॅकचे, म्हणजे फितीवर चारच आवाज वेगवेगळे नोंदवता येतील असे, यंत्र होते. ट्रॅक इतके थोडे असले की बराचसा निर्णय वाजवतानाच घ्यावा लागतो. कोणते वाद्य पुढे, कोणते मागे, हे नंतर निवांतपणे ठरवू असे म्हणण्याची सोय उरत नाही, आणि सगळ्यांना एका वेळी, एकमेकांकडे कान देऊन वाजवावे लागते. १९८८पर्यंत या लेबलच्या मंडळींना या पद्धतीची इतकी सवय झालेली होती की दोन दिवसांत अकरा गाणी हे त्यांना जगावेगळे वाटले नसावे.

खोलीचा गुण आवाजात उतरतो, हे येथे चांगले कळते. ठेंगण्या छताच्या, पक्क्या भिंतींच्या छोट्या खोलीत झांजांचा आवाज लगेच परत येतो आणि खर्जाचे सूर कोपऱ्यांत साचतात. मोठ्या सभागृहात मिळणारी लांबलचक आस तिथे मिळत नाही. त्यामुळे या ध्वनिमुद्रणात कँटीचे ड्रम्स आपल्यापासून हाताच्या अंतरावर असल्यासारखे वाटतात आणि लालीचा बास प्रत्येक गाण्यात ठळक, गोल आणि स्वतंत्रपणे ऐकू येतो. झिएन्तारा यांच्या कामाची जी गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे ते बँडला स्वतःचा आवाज लावू पाहत नाहीत. समोर जे वाजते आहे ते विश्वासाने फितीवर उतरवायचे, हा त्यांचा बाणा या अकरा गाण्यांतही जाणवतो. कच्चेपणा म्हणून जो लोक सांगतात, तो मला येथे फारसा आढळला नाही; साधेपणा आहे, आणि तो जाणीवपूर्वक ठेवलेला आहे.

पहिलेच गाणे ‘वेटिंग रूम’. फुगाझीचे नाव ज्यांनी केवळ कानावरून जाऊ दिले आहे, त्यांनाही हे गाणे ओळखीचे निघण्याची शक्यता आहे. आधी एकटा बास येतो, चालत येणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा. मग त्यात ड्रम्स आणि गिटार मिसळतात, आणि आता गाणे सुरू झाले असे वाटते तोच सगळे एकदम थांबते. तबल्यातल्या दमदार तिहाईत दोन तुकड्यांच्या मध्ये जो श्वास सोडलेला असतो, त्याला आपण ‘दम’ म्हणतो. त्या जागेत काही वाजत नाही, तरी ऐकणाऱ्याच्या मनात मात्रा चालूच असतात. ‘वेटिंग रूम’मधली शांतता मला नेहमी त्या दमाची आठवण करून देते. मकायच्या आधीच्या बँडची गाणी दीड-दोन मिनिटांत, श्वास न घेता धावत संपत. त्याच माणसाने आता बासला पुढे बसवले, जमैकातल्या रेगे आणि डब संगीतात बासला आणि मोकळ्या जागेला जो मान असतो तो आपल्या संगीतात आणला, आणि आपल्या सर्वांत लक्षवेधी गाण्याच्या आरंभीच वाद्ये गप्प करण्याचे धैर्य दाखवले. गाण्याचा आशयही वाट पाहण्याचाच आहे. गाणारा बसून राहिला आहे, पण स्वस्थ बसलेला नाही. वेळ येईल तेव्हा आपण तयार असले पाहिजे, म्हणून तो स्वतःला घडवत आहे. शब्द आणि चाल यांची अशी गाठ पडलेली गाणी अनुभवी बँडांनाही क्वचित सापडतात, आणि येथे ते डेमोच्या पहिल्या क्रमांकावर, जवळजवळ पूर्ण घडलेल्या अवस्थेत उभे आहे.

याच गाण्याची सर्वपरिचित आवृत्ती त्यानंतर पाच महिन्यांनी, जून १९८८मध्ये, त्याच इनर इअरमध्ये, टेड नायस्ली यांच्या निर्मितीखाली ध्वनिमुद्रित झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस बँडच्या पहिल्या, सात गाण्यांच्या ईपीवर, म्हणजे पूर्ण अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्डवर, आली. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकाव्यात असे मी आग्रहाने सांगेन. ईपीवर सगळे सांधे घट्ट बसलेले आहेत आणि प्रत्येक ठोका जिथे पडायचा तिथेच पडतो. डेमोत तेच गाणे थोडे सैल, थोडे अधिक माणसाळलेले आहे. चौघे एकमेकांकडे पाहत वाजवत असावेत असे वाटते. मला ईपीची आवृत्ती अधिक थोर वाटते, हे सांगायला हवे. पण ती इतकी घट्ट कशी झाली, हे कळण्यासाठी डेमोला पर्याय नाही.

या अल्बमचा दुसरा मोठा विशेष म्हणजे त्यावर एकच गिटार आहे. फुगाझी म्हटले की मकाय आणि पिचोटो यांच्या दोन गिटारींचा संवाद, एकीने विचारावे आणि दुसरीने तिरकस उत्तर द्यावे असा, ऐकणाऱ्यांच्या कानात बसलेला आहे. जानेवारी १९८८मध्ये हे काहीच नव्हते. पिचोटो तेव्हा नुकताच गाऊ लागला होता आणि त्याच्या हाती गिटार अजून यायची होती. तो मकायच्या गाण्याला मागून जोड देतो, ओळींची शेवटची टोके उचलतो, मध्येच हाक घालतो. हिपहॉपमध्ये मुख्य गायकाला टोकणारा, उचकवणारा जो दुसरा आवाज असतो, त्याची कल्पना त्याच्या डोक्यात होती. कीर्तनात बुवांच्या मागे उभा राहून ध्रुपद उचलणारा झिलकरी आपल्या परिचयाचा आहे; नुसती साथ करणाऱ्या झिलकऱ्यापासून स्वतः निरूपणाला उभे राहण्यापर्यंतचा टप्पा पिचोटोने येथे फक्त एकदा ओलांडला आहे. ‘ब्रेक-इन’ हे अकरांपैकी एकच गाणे त्याच्या मुख्य आवाजात आहे. ते ऐकताना मी दर वेळी सावध होतो, कारण इतर गाण्यांतला ठाम, समोरून बोलणारा सूर येथे अचानक बाजूला होतो आणि एक अस्वस्थ, ताणलेला, आतून येणारा आवाज पुढे सरकतो. पुढच्या पंधरा वर्षांतला निम्मा फुगाझी या एका छोट्या गाण्यात आहे.

एकच गिटार असल्यामुळे ध्वनिमुद्रण पातळ झाले आहे का, हा प्रश्न मी मुद्दाम स्वतःला विचारला. काही जागी तसे झाले आहे. पण बहुतेक ठिकाणी घडते ते वेगळे आहे. मकायची गिटार सुटे, कापलेले स्वर टाकून बाजूला होते आणि मध्ये राहिलेली मोकळी जागा लाली आणि कँटी भरून काढतात. दुसऱ्या क्रमांकावरचे ‘मर्चंडाइज’ या दृष्टीने अवश्य ऐकावे. माणसाची ओळख त्याने विकत घेतलेल्या वस्तूंवरून होत नाही, असे सांगणारे हे गाणे आहे, आणि या बँडने ते शब्दशः पाळले. त्यांनी पुढील सर्व वर्षांत आपल्या कार्यक्रमांत टी-शर्ट वगैरे वस्तू कधी विकल्या नाहीत आणि तिकिटाचा दर, शक्य तितक्या ठिकाणी, पाच डॉलरच्या आसपास ठेवला. गाणे ऐकताना हा पुढचा इतिहास माहीत असणे आवश्यक नाही, परंतु माहीत असला तर मकायच्या आवाजातली कळकळ अधिक भिडते.

या अकरा गाण्यांचे पुढे काय झाले, याचा हिशेब मी मांडून पाहिला आणि मला तो अल्बमइतकाच उद्बोधक वाटला. जून १९८८च्या सात गाण्यांच्या ईपीवर या अकरांपैकी केवळ दोन गेली, ‘वेटिंग रूम’ आणि ‘बॅड माउथ’. त्या ईपीवरची उरलेली पाच गाणी या डेमोत कुठेच नाहीत. ‘अँड द सेम’ हे पुढच्या, लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘मार्जिन वॉकर’ या ईपीवर आले. ‘साँग नंबर वन’, ‘जो नंबर वन’ आणि ‘ब्रेक-इन’ ही तिन्ही मिळून एक स्वतंत्र छोटी रेकॉर्ड झाली. ‘मर्चंडाइज’ला १९९०च्या ‘रिपीटर’ या अल्बमपर्यंत थांबावे लागले. ‘इन डिफेन्स ऑफ ह्यूमन्स’ हे एकच गाणे असे की जे याच ध्वनिमुद्रणातून उचलून १९८९ साली ‘स्टेट ऑफ द युनियन’ या मदतनिधीसाठी काढलेल्या संकलनात जसेच्या तसे घेतले गेले. ‘द वर्ड’ आणि ‘टर्न ऑफ युअर गन्स’ ही दोन गाणी स्टुडिओ-आवृत्तीच्या रूपात २०१४पर्यंत अधिकृतपणे बाहेर आलीच नाहीत. त्यांतले दुसरे तर मूळ कॅसेटवरही नव्हते. डेमो आवडला, लोकांना वाटून दिला, तरीही अवघ्या पाच महिन्यांत बँडने त्यातली नऊ गाणी बाजूला ठेवून पहिली रेकॉर्ड केली, यात मला फार मोठी शिस्त दिसते. जे हाताशी तयार आहे तेच छापून मोकळे व्हावे, हा मोह त्यांना झाला नाही.

उरले ‘फर्निचर’. हे डेमोतले तिसरे गाणे, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या अल्बमचा गाभा. इतकी वर्षे ते स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित होऊन कुठल्याच रेकॉर्डवर आले नाही. अखेर २००१ साली, बँडचा शेवटचा अल्बम ‘द आर्ग्युमेंट’ निघाला त्याच्या जोडीने तीन गाण्यांची एक ईपी निघाली, आणि तिचे शीर्षकगीत म्हणून हे जुने गाणे तेरा वर्षांनी परत आले. म्हणजे या बँडने स्टुडिओत पहिल्या दोन दिवसांत वाजवलेल्या गाण्यांपैकी एक आणि अगदी शेवटी प्रसिद्ध केलेल्या गाण्यांपैकी एक, ही दोन्ही गाणी एकच आहेत. ध्वनिमुद्रण करणारे झिएन्तारादेखील तेच. फक्त इनर इअर तोवर घराच्या तळघरातून आर्लिंग्टनमध्येच वेगळ्या, प्रशस्त जागेत गेलेला होता. मी या दोन आवृत्त्या एका संध्याकाळी सात-आठ वेळा आलटून-पालटून ऐकल्या. २००१च्या आवृत्तीत दोन गिटारी आहेत, मधल्या वर्षांतल्या शेकडो कार्यक्रमांनी आलेला भरणा आहे, चौघांना एकमेकांची चाल इतकी पाठ आहे की कोणीही कोणासाठी थांबत नाही. १९८८च्या आवृत्तीत गाण्याचा सांगाडा उघडा आहे, आणि तो सांगाडा तोच आहे. एखादी बंदिश गवयाने विशीत घ्यावी आणि तीच पन्नाशीत पुन्हा मांडावी, तेव्हा शब्द आणि स्थायी बदलत नाही, पण तिच्याभोवती साठलेले आयुष्य ऐकू येते. तसा काहीसा हा अनुभव होता. केवळ एवढ्या एका तुलनेसाठीही मी या अल्बमची किंमत मोजली असती.

दोषही सांगायला हवेत. ‘द वर्ड’ आणि ‘टर्न ऑफ युअर गन्स’ ही गाणी पुढे का घेतली गेली नाहीत, हे ऐकल्यावर लगेच कळते. दोन्हींत आशय प्रामाणिक आहे, पण चालीला स्वतःचा चेहरा नाही, आणि मकायचा आवाज काही जागी गाण्यापेक्षा भाषणाकडे झुकतो. ‘इन डिफेन्स ऑफ ह्यूमन्स’मध्येही ही प्रवृत्ती थोडी आहे. ‘जो नंबर वन’ हे बोलांविना, केवळ वाद्यांचे गाणे लालीच्या बासवर उभे आहे आणि बैठकीच्या अखेरीला सुखद वाटते, पण त्याचा विस्तार आहे त्याहून अधिक नेटका होऊ शकला असता. सलग ऐकताना मधल्या भागात गाण्यांची लय एकसारखी वाटू लागते; दुसरी गिटार आणि दुसरा मुख्य गायक पुढे या बँडला का हवासा वाटला असेल, ते त्या दहा-पंधरा मिनिटांत समजते. हे दोष मी तक्रार म्हणून नोंदवत नाही, कारण डेमो ज्यासाठी करायचा असतो ते हेच. तरीही ज्याला फुगाझीची ओळखच करून घ्यायची आहे, त्याने येथून सुरुवात करू नये. त्याने आधी पहिल्या दोन ईपी एकत्र करून निघालेला ‘थर्टीन साँग्स’ हा अल्बम घ्यावा आणि तो पुरता अंगवळणी पडल्यावर इकडे वळावे.

ज्यांच्याकडे या डेमोची जुनी कॅसेट वा तिच्यावरून केलेली प्रत आहे, त्यांनी हा अल्बम पुन्हा घ्यावा का, असा प्रश्न येऊ शकतो. बँडने स्वतःच कॅसेटच्या प्रती लोकांना दिल्या होत्या आणि त्यांनी पुढे इतरांना प्रती काढून द्याव्यात, असेही सुचवले होते. आपल्याकडे ख्यालगायकीच्या रसिकांनी खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे याच प्रकारे जपली आणि वाढवली. प्रतीवरून प्रत काढताना दर पिढीला फितीची खरखर वाढते, तार सप्तकाची धार बोथट होते, आणि यंत्राचा वेग किंचित कमीजास्त असला तर सगळी पट्टीच सरकते. तशा मैफलींच्या कॅसेटवर वाढलेल्या मला खरखरीचे वावडे नाही. पण त्या प्रतींमधून बास आणि ड्रम्स यांचे जे नाते पुसट होते, ते या अधिकृत आवृत्तीत स्वच्छ ऐकू येते, आणि हा बँड मुळात त्या नात्यावर उभा असल्यामुळे हा फरक थोडाथोडका नाही. सफाई करताना आवाज अनावश्यक फुगवलेला नाही, याबद्दल लेबलचे आभार मानले पाहिजेत. शिवाय मूळ कॅसेटवर नसलेले गाणे येथे मिळते.

अल्बम एलपी, सीडी आणि डिजिटल अशा तिन्ही स्वरूपांत निघाला. भारतात एलपी मागवताना टपालखर्च रेकॉर्डच्या किमतीच्या बरोबरीने वा त्याहून अधिक होऊ शकतो, त्यामुळे ज्यांच्याकडे उत्तम टर्नटेबल आहे त्यांनीच तो खर्च करावा. इतरांना डिजिटल आवृत्ती पुरेशी आहे, आणि डिस्कॉर्डचा संग्रह बँडकँप या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर असल्यामुळे घेण्यापूर्वी ऐकूनही पाहता येते. ज्यांना याच्याही पुढे जायचे असेल, त्यांच्यासाठी बँडने २०११मध्ये सुरू केलेली ‘फुगाझी लाइव्ह सिरीज’ आहे. त्यांच्या हजाराहून अधिक कार्यक्रमांची नोंद आणि त्यांपैकी शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे तिथे ठेवलेली आहेत. प्रत्येकासाठी पाच डॉलर सुचवलेले आहेत, पण एक ते शंभर यांमधली रक्कम आपण ठरवू शकतो. डेमोतली गाणी मंचावर वर्षानुवर्षे कशी बदलत गेली, हे तिथे गाण्यागणिक तपासता येते. मी स्वतः ‘मर्चंडाइज’पासून सुरुवात केली आहे आणि अजून निम्म्या वाटेवरही पोहोचलेलो नाही.

इनर इअरची ती नंतरची मोठी जागा २०२१ साली बंद झाली. आर्लिंग्टन काउंटीने तो भूखंड ताब्यात घेतल्यामुळे स्टुडिओला बाहेर पडावे लागले आणि झिएन्तारा पुन्हा आपल्या घराच्या तळघरात ध्वनिमुद्रण करू लागले. हे वाचल्यापासून मला ‘फर्स्ट डेमो’ अधिकच जवळचा वाटतो.

पार्किंगमागच्या खोलीतल्या मुलांना मी अल्बम मागच्या आठवड्यात दिला. त्यांनी तो तालमीच्या वेळेत, दार लावून, एका छोट्या स्पीकरवर सलग ऐकला. संपल्यावर त्यांच्यातल्या गिटारवादकाने, दुसरी गिटार कोणत्या गाण्यापासून सुरू होते, असे विचारले. ती एकाही गाण्यात नाही, असे मी सांगितल्यावर त्याने ‘फर्निचर’ पुन्हा लावायला सांगितले, आणि ते चालू असतानाच ड्रम्स वाजवणारा मुलगा उठून खोलीच्या चारही कोपऱ्यांत टाळ्या वाजवून, ड्रम्स कोठे ठेवले तर आवाज कमी घुमेल, ते पाहू लागला. येत्या रविवारी सकाळी दहा ते दुपारी दोन अशी जादा वेळ मिळावी, असा अर्ज त्यांनी सोसायटीला दिला आहे.